धरायचं का मारायचं? गावखेड्यातून शिकायला निघालेल्या पोट्ट्यांसाठी

पोळ्याच्या दिवशीची गोष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांचा, तालुक्याला जाऊन चार महिने बॉक्सिंग शिकलेलो, म्हणजे डोक्यात हवा भरपूर. तोरणाखाली बैल उभे करण्यावरून शेजारच्या वस्तीतल्या एका गड्याशी वाजलं, कोणाची जोडी पुढे कोणाची मागे, दरवर्षीचंच ते. हा गडी जिनिंगमधे गाठी उचलणारा, कोणत्याच क्लासचं तोंड पाहिलेलं नाही. त्यानं माझी कॉलर धरली, मी शिकवल्याप्रमाणे सरळ उजवा ठोसा सोडला, त्यानं नेमकी मुंडी खाली घातली आणि ठोसा बसला कपाळावर. कपाळ त्याचं, हाड मोडलं माझं, करंगळीच्या मुळाचं. मग त्यानं माझ्या कमरेला मिठी मारली, उचललं आणि नालीत नेऊन बसवलं, वरून म्हणे, "बस आता इथंच, उठू नको." झुली घातलेले बैल, बँडवाले, सगळं गाव पाहून राहिलं होतं. महिनाभर प्लास्टर, ऐन फवारणीच्या दिवसात पाठीवर पंप घेता येईना, बाबा रोज सकाळी चहासोबत तेच उकरायचे.

त्यानंतर मी आखाड्यात गेलो, मग काही वर्षं ज्युडो केलं, बॉक्सिंग पण सोडलं नाही. आता गावातले पोट्टे विचारतात, भाऊ, कुस्ती भारी का बॉक्सिंग, कराटे लावू का, मोबाईलवर ते जिउ-जित्सू दाखवतात ते आपल्याकडे मिळते का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून काढतो. माझं मत पहिलेच सांगून टाकतो म्हणजे ज्याला पटत नाही त्यानं वाचायचा त्रास घेऊ नये: पहिले धरायला शिका, मारायला नंतर, आणि दोन्हीत क्लास असाच पकडा जिथे समोरचा माणूस तुम्हाला खरोखर अडवतो. हवेत हातपाय फिरवून कोणालाच काही येत नाही.

आधी हे दोन प्रकार काय आहेत ते

धरणारे म्हणजे कुस्ती, ज्युडो, जिउ-जित्सू. इथे समोरच्याला पकडायचं, पाडायचं, दाबून ठेवायचं, जिउ-जित्सूत आणि ज्युडोत हात पिळून किंवा गळा आवळून हार पण मानायला लावतात. मारणारे म्हणजे बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, कराटे, तायक्वांदो. इथे अंतर ठेवून हातानं पायानं मारायचं आणि स्वतःला लागू द्यायचं नाही. सगळा फरक अंतराचा आहे. हात लांब करून समोरच्याला बोट लागत नसेल तोवर कोणाचंच काही चालत नाही, ठोसा पोचेल एवढ्या अंतरावर बॉक्सरचं राज्य, आणि एकदा का छातीला छाती लागली की बॉक्सरचे हात अडकले आणि पैलवानाचं सुरू झालं. आता गावातलं भांडण आठवून पहा, सुरुवात शिवीगाळीनं, मग बोट दाखवणं, मग ढकलाढकली, मग कॉलर. कॉलर धरली म्हणजे तुम्ही पैलवानाच्या अंतरावर आलेच, तिथून ठोशाला जागाच उरत नाही.

हा वाद जगात जुना आहे. २६ जून १९७६ ला टोकियोत बॉक्सर मुहम्मद अली आणि जपानी पैलवान अँटोनिओ इनोकी यांची लढत लावली, पंधरा राऊंड. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायावर लाथा हाणत बसला, अलीनं अख्ख्या लढतीत हातावर मोजण्याएवढे ठोसे मारले, शेवटी बरोबरी दिली आणि लोकांनी शिव्या घातल्या. अलीचे पाय मात्र चांगलेच सुजले होते. मग १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, म्हणजे सगळ्या प्रकारच्या लढवय्यांना एकमेकांसमोर उभं करणारी स्पर्धा, वजनगट नाही, एका रात्रीत तीन लढती जिंकायच्या. जिंकला कोण तर रॉयस ग्रेसी, वजन ऐंशी किलोच्या आसपास, ब्राझीलचं जिउ-जित्सू खेळणारा. समोर एक बॉक्सर आला होता तो एकाच हातात ग्लोव्ह घालून आला, खाली पडला आणि वर बसलेल्याला काय करावं हेच न कळल्यानं त्यानं हार मानली. सगळीकडे बोंब झाली की धरणाराच भारी. पण गोष्ट तिथे संपत नाही, १९९७ मधे मॉरिस स्मिथ नावाच्या किकबॉक्सरनं मार्क कोलमनसारख्या दांडग्या पैलवानाला हरवलं. स्मिथ काही पैलवान झाला नव्हता, तो फक्त खाली पडल्यावर टिकायला आणि परत उठायला शिकून आला होता, कोलमनचा दम संपला आणि मग याचे पाय चालू झाले.

म्हणजे मारणाऱ्याला थोडं धरणं आलं की तो जिवंत राहतो. उलटं पण तेच. फक्त शिकायचा क्रम कोणता, एवढाच प्रश्न आहे.

पहिलं काम: कशासाठी शिकायचंय ते स्वतःला विचारा

स्पर्धा खेळायच्या असतील तर जो खेळ जवळ आहे, ज्याचा कोच चांगला आहे तोच घ्या, इतर विचार करू नका. पोट्टं शाळेत असेल तर ज्युडो, बॉक्सिंग, कुस्ती हे शालेय स्पर्धेत आहेत, चांगलं खेळलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे, त्याचा हिशोब घरच्यांना समजतो. स्वतःच्या बचावासाठी शिकायचं असेल तर हा लेख. आणि कोणाचा बदला घ्यायचा म्हणून शिकायचं असेल तर सहा महिने आखाड्यात जा, बहुतेकांचा तोवर जोश उतरलेला असतो, माझा उतरला. नालीवाल्या गड्यासोबत आता मी चहा पितो.

दुसरं काम: सायकल किंवा एसटीच्या अंतरात काय आहे ते हुडका

पुण्या-मुंबईच्या लोकांसारखे दहा पर्याय आपल्याकडे नाहीत. कुस्ती म्हटली की सगळ्यांच्या तोंडी कोल्हापूर, सातारा, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणणारे खाशाबा जाधव पण तिकडचेच, आपल्या विदर्भाची कोणी आठवण काढत नाही. पण अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे आणि तिथली मंडळी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमधे आपले देशी खेळ दाखवून आली होती हे किती जणांना माहीत आहे. बॉक्सिंगचं म्हणाल तर २०२१ ला युवा जागतिक स्पर्धेत सोनं आणणारी अल्फिया पठाण नागपूरची पोरगी आहे.

गावात किंवा शेजारच्या गावात आखाडा असेल, पडका का असेना, तर पहिले तिथे जाऊन या. मारुतीच्या देवळामागे खोली असते, दाराला गंजकं कुलूप, आणि विचारलं तर कोणीतरी म्हातारा वस्ताद निघतोच. नसेल तर तालुक्याच्या शाळेत ज्युडोवाले सर आहेत का ते क्रीडा शिक्षकाला विचारा, जिल्हा क्रीडा संकुलात चौकशी करा. जिउ-जित्सूसाठी मोठ्या शहरापर्यंत रोज जायचं असेल तर सोडा, आठवड्यातून एकदा नागपूरला जाऊन शिकण्यापेक्षा रोज गावच्या मातीत लोळणं कधीही बरं. रोज जाता येईल तोच क्लास चांगला, मग त्याचं नाव काही का असेना.

तिसरं काम: क्लास पारखा

पैसे भरायच्या आधी दोन दिवस कोपऱ्यात बसून पहा. एकच गोष्ट पहायची, पोट्टे एकमेकांशी खरं खेळतात का. आखाड्यात हे आपोआप होते, तिथे डाव सांगतात आणि लगेच जोड लावतात, समोरचा पाडू देत नाही, तुम्ही घामाघूम होता, डाव फसतो, उद्या परत. बॉक्सिंगमधे हेडगार्ड घालून हलक्या हातानं का होईना पण स्पारिंग, म्हणजे समोरासमोर सरावाची लढत पाहिजे. ज्या क्लासमधे एकजण ठोसा मारून हात तसाच पुढे ठेवून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि दुसरा त्याच्यावर पाच कलाकारी करतो, तिथून उठा आणि घरी जा. वर्षात ब्लॅक बेल्ट देतो म्हणणारे, दर तीन महिन्यांनी परीक्षा फी मागणारे, भिंतीवर फोटो जास्त आणि घाम कमी असलेले, हे पण तसेच. माझ्या चुलतभावानं असा एक क्लास दोन वर्षं केला, पट्टा मिळाला, कवेलू फोडून दाखवायचा, आणि आखाड्यातल्या पंधरा वर्षांच्या पोट्ट्यानं त्याला अर्ध्या मिनिटात मातीत घातलं. कवेलू परत मारत नाही ना राजेहो.

यात कराटे वाईट असं नाही. चांगल्या कराटेवाल्याचं अंतर आणि वेग पाहिला की समजते, आणि अंगाला अंग लावून खेळणारे कराटेवाले मार खायला पण तयार असतात. तायक्वांदोवाल्यांच्या लाथा बंदुकीसारख्या सुटतात. पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाऱ्यात, पायात रबरी चप्पल, एक पाय वर उचलून उभं राहून दाखवा मला.

चौथं काम: पहिले तीन महिने फक्त पडायचं

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणाला शिकायचं नसते. मी आखाड्यात पहिल्या दिवशी विचारलं, वस्ताद, धोबीपछाड कधी शिकवता. वस्तादांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "पडाले शीक पहिले. पाडनं मंग पाहू."

मागे पडायचं कसं ते सांगतो, घरी पण करता येते. सोयाबीनचं कुटार किंवा तणसाचा ढीग पहा, आधी हात फिरवून आत विळा, काटा, दगड नाही ना ते बघून घ्या, आणि पावसाळ्यात इचू-सापाचं पण बघा. त्यावर उकिडवं बसा. हनुवटी छातीला लावा, एवढी की शर्टाची वरची गुंडी दिसली पाहिजे. पाठ गोल करा, श्वास सोडत मागे लवंडा, पहिले ढुंगण टेकेल मग कंबर मग पाठ, डोकं कधीच टेकायचं नाही. पाठ टेकते त्याच वेळी दोन्ही हात तळव्यासकट जमिनीवर जोरात आपटा, खांद्याच्या रेषेत नाही, थोडे खाली, अंगापासून तिरपे. हात मागे टेकवून पडणं थांबवायला जायचं नाही, मनगट तिथेच मोडते, हे शंभर वेळा केल्यावरच अंगात बसते कारण आपला हात आपोआप मागे जातोच. उकिडवं जमलं की उभं राहून, मग बाजूला पडणं, मग कोणीतरी ढकलून. ज्युडोवाले याला उकेमी म्हणतात आणि त्यांच्या इतकं नीट कोणी शिकवत नाही, आखाड्यात माती मऊ म्हणून आपण जरा आळस करतो.

हे कशाला एवढं? कारण गावातल्या मारामारीत माणूस ठोशानं कमी आणि पडून डोकं आपटल्यानं जास्त जातो, डांबरी रस्ता, सिमेंटचा ओटा, बांधावरचा धोंडा. आणि भांडण आयुष्यात एखादवेळा होईल पण पडणं दरवर्षी होते. माझी भाची शाळेत ज्युडो खेळते, मागच्या पावसाळ्यात गिट्टीवर स्कूटी घसरली, गाडीचा आरसा फुटला, तिच्या कोपराला खरचटलं आणि डोकं सलामत. ताईनं त्यानंतर फीसाठी कधी कुरकुर केली नाही.

पडण्यासोबत या तीन महिन्यांत जोर, बैठका, आणि उभ्यानं पकड शिका. समोरच्याचा हात कुठे धरायचा, मान कशी दाबायची, आपलं मनगट कसं सोडवायचं, बाजूनं निघून मागे जाऊन कब्जा कसा घ्यायचा. खडाखडीत हेच असते, पाहणाऱ्याला वाटते नुसतेच हात झटकून राहिले, पण त्या वेळात समोरच्याचं वजन कोणत्या पायावर आहे हे हाताला कळते. हा हाताचा डोळा ज्याला आला त्याची कॉलर कोणी धरू शकत नाही.

कुस्तीतलं काय रस्त्यावर चालत नाही

हे पैलवानांना आवडणार नाही पण लिहितो. कुस्तीत हार म्हणजे चितपट, दोन्ही खांदे टेकले की संपलं, म्हणून आपण खाली गेलो की पोटावर पालथं होतो, मुंडी आत, कोपर आत, आता लाव ताकद. मातीत हे बरोबर आहे. रस्त्यावर असं पालथं पडलं की तुमची पाठ आणि मानेमागची बाजू उघडी पडली, वरचा डोक्यात बुक्क्या घालेल नाही तर गळ्यात हात घालेल, आणि तुम्हाला दिसणार पण नाही. सवय मोडायला ज्युडो किंवा जिउ-जित्सू कामी येते, तिथे पाठीवर पडूनही पायानं समोरच्याला दूर ठेवणं आणि तिथून उठणं शिकवतात. एकेरी पट, दुहेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणं, हे पण मातीतच, डांबरावर गुडघा टेकवून पट काढायला गेलात तर पट निघेल पण गुडघ्याची वाटी राहील का ते सांगता येत नाही. ढाक, कमरेची पकड, मागून कब्जा, हे उभ्यानं होणारं रस्त्यावर जास्त कामाचं. पण ढाक मारून कोणाला सिमेंटवर टाकलं तर तो मरू पण शकतो हे डोक्यात ठेवा, म्हणून मला कब्जा जास्त आवडतो, मागून कंबर धरली, बसवलं, संपलं. नालीवाल्यानं तेच केलं होतं, न शिकता.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गावात भांडण एकाशी एक होतच नाही. तुम्ही एकाला खाली दाबून बसलात आणि त्याचा भाऊ मागून काठी घेऊन आला, मग तुमची पकड तुम्हालाच बेडी झाली. जिउ-जित्सूचे व्हिडिओ पाहून खाली लोळायला जाणाऱ्यांना मी हेच विचारतो, तिथे मॅटवर दोघंच असतात बाप्पा, आपल्याकडे बसस्टँडवर चाळीस लोक असतात आणि त्यातले दहा कोणाचे तरी नातेवाईक.

पाचवं काम: मग मारायला शिका, खरं म्हणजे मार पहायला

धरण्याचे पाच-सहा महिने झाले की बॉक्सिंग सुरू करा, आठवड्यातून दोन दिवस पुरतात. मी उलट्या क्रमानं केलं म्हणून हात मोडला. बॉक्सिंगचा खरा फायदा ठोसा मारता येण्यात नाही, येणारा ठोसा डोळे उघडे ठेवून पाहता येण्यात आहे. नवीन माणूस तोंडासमोर हात आला की डोळे मिटतो आणि मान फिरवतो, मग पुढचे चार ठोसे त्याला दिसतच नाहीत. हलक्या स्पारिंगच्या महिन्या-दोन महिन्यांनी ही सवय जाते. दुसरा फायदा पायाचा, मागे सरळ रेषेत पळायचं नाही, तिरपं निघायचं, आणि अंतर हातभर वाढलं की बोलून विषय मिटवायला पण वेळ मिळतो.

पहिले फक्त चार गोष्टी: उभं राहणं, हात गालाजवळ, डावा सरळ, उजवा सरळ. वाकड्या हाताचे हुक-बिक नंतर. हाताला पट्टी बांधायला शिका, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या मुळांवर तीन, बोटांच्या मधून, परत मनगटावर, घट्ट पण बोटं काळी पडतील एवढी नाही. बॅग विकत घ्यायची गरज नाही, बारदाना घ्या आणि जुने कपडे, चिंध्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठासून भरा, कडुनिंबाच्या फांदीला टांगा. रेती भरू नका. रेती खाली बसून दगड होते आणि मनगट जाते, गावोगाव रेतीचं पोतं टांगून बसलेले हिरो मी पाहिले आहेत.

ग्लोव्ह घालून मारायची सवय लागते आणि रस्त्यावर ग्लोव्ह नसतो, हा बॉक्सिंगचा दोष. उघड्या मुठीनं डोक्यावर मारलं की तुटतं ते आपलंच हाड, डॉक्टर लोक त्या फ्रॅक्चरला बॉक्सरचंच नाव देतात. मारावंच लागलं तर तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरा, हनुवटीला किंवा नाकाला. आणि दातावर मूठ लागून कापलं तर घरी हळद लावून बसू नका, माणसाच्या तोंडातली घाण सांध्यात गेली की बोट वाकत नाही मग जन्मभर, त्याच दिवशी दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

पोरींसाठी वेगळं थोडंसं

वेगळं फार नाही, पण क्रमाचा मुद्दा पोरींना जास्त लागू होतो. पोरीवर कोणी दुरून बॉक्सिंगच्या पवित्र्यात येत नाही, हात धरतो, वेणी धरतो, ओढतो, भिंतीला दाबतो, म्हणजे सगळं धरण्याचंच काम. म्हणून ज्युडो पहिले. मनगट धरलं तर जोरानं सरळ मागे ओढू नका, धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे त्याची पकड कमजोर असते, आपलं मनगट त्या फटीकडे फिरवा, कोपर त्याच्या अंगाकडे न्या आणि उपटा, उपटलं की पळा, ओरडत पळा. हे वाचून येत नाही. भाऊ असो मैत्रीण असो, त्यांना पूर्ण ताकदीनं धरायला सांगा आणि रोज वीस वेळा सोडवा. एक दिवसाच्या शिबिरात दहा डाव दाखवतात आणि प्रमाणपत्र देतात, त्यानं फक्त खोटा विश्वास येतो, माझं स्पष्ट मत आहे. वर्गात दुसऱ्या पोरी आहेत का, बाईमाणूस शिकवायला आहे का ते आधी पहा, आणि घरचे नाही म्हणत असतील तर आईला एक दिवस सोबत न्या, आई पटली की बाबा पटतात.

काठी, दारू आणि वाघ

समोरच्याच्या हातात विळा, कुऱ्हाड, चाकू असेल तर धरायचं पण नाही आणि मारायचं पण नाही, पळायचं. मोबाईलवर चाकू हिसकवायचे डाव पाहिलेत ते विसरा. पळता येत नसेल तर हातात काहीतरी लांब घ्या, काठी, तुऱ्हाटी नका घेऊ ती मोडते, खुर्ची, सायकल मधे घाला. लाठीकाठी कुठे शिकायला मिळत असेल तर जरूर शिका, शेतात काठी तशी पण हातात असतेच.

दारू प्यालेल्याचं वेगळं. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, तरी संध्याकाळी पारावर कोण कसा चालतो ते सगळ्यांना दिसते. दारूड्याला दुखत नाही म्हणून ठोशाचा उपयोग कमी, पण त्याचा तोल आधीच गेलेला असतो, बाजूला झालात तर तो स्वतःच पडतो. पडू देऊ नका मात्र, धरून बसवा, उद्या सकाळी तोच तुमच्या बांधावर येणार आहे. आणि हो, ताडोब्याकडच्या एका मित्रानं विचारलं होतं, वाघासाठी काय शिकू. वाघासाठी घोळक्यानं चालणं शिक म्हटलं.

दुखणं-खुपणं

उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, पहाटे पाचला सुरू करून साडेसहाला बंद, मधे मीठ-साखरेचं पाणी. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद, कापूर टाकतात ते उगाच नाही, पण तरी गजकर्ण होतेच, एकाला झालं की आठवड्यात दहांना. दुखण्यावाल्यानं घरी बसायचं, लंगोट-कपडे रोज धुवायचे, आणि मेडिकलवरून कोणतीतरी मिक्स क्रीम आणून चोपडायची नाही, त्यानं दबते आणि मग जात नाही. कान सुजून गोळा आला तर डॉक्टरकडून रक्त काढून घ्या, नाही तर पैलवानी कान कायमचा, काही पोट्टे मुद्दाम ठेवतात ती गोष्ट निराळी. डोक्याला मार लागून गरगरलं, उलटी झाली, दिवा डोळ्याला सोसेना, तर सराव बंद, पूर्ण बरं वाटेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत. त्यात दुसरा मार लागला तर जीवावर बेतते. गळा आवळायचे डाव शिकवणारा सोबत नसताना करू नका, बरोबर बसला तर माणूस दहा-एक सेकंदात बेशुद्ध पडतो आणि समोरच्यानं हातानं थापटलं की त्याच क्षणी सोडायचं असते, हा नियम हसण्यावारी नेणाऱ्यासोबत खेळू नका.

पोलिसांचं

स्वतःचा, दुसऱ्याचा, मालमत्तेचा बचाव करायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याचीच आहेत. पण बचावाला लागेल तेवढंच, जास्त नाही. तो पडला, तो पळाला, तो थांबला, तिथे तुमचा हक्क संपला, त्यानंतर मारलेली एक लाथ तुम्हाला आरोपी करते. यासाठी पण मला धरणं जास्त पटते, दाबून ठेवलेल्या माणसाच्या अंगावर टाके पडत नाहीत. ११२ वर फोन कोणाला तरी करायला सांगा, नाव घेऊन सांगा, "अबे विलास, फोन लाव," नुसतं "फोन करा" म्हटलं तर चाळीस जण व्हिडिओ काढत बसतात. लागलं असेल तर लहानसं असलं तरी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या.

उद्या सकाळी

एवढं वाचून उद्या जाणार असाल तर हातापायाची नखं कापून जा, करदोडा, अंगठी, कडं, गळ्यातलं सगळं घरी ठेवा, दोन तास आधी काही खाऊ नका, सोबत टॉवेल आणि पाण्याची बाटली. आखाड्यात चप्पल बाहेर, माती कपाळाला लावून आत. वस्ताद पहिले आठ-दहा दिवस फक्त फावड्यानं माती खणायला लावतील, तोंड वाकडं न करता खणा, तुमचा दम किती आहे ते तिथून पाहतात.